घेवड्याची मेंदी

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाला रज्जाक रंगरेज मशिदीत शिरले, तेव्हा त्यांची दाढी डाव्या बाजूला रोजच्यासारखी कापसागत पांढरी होती आणि उजव्या बाजूला काळीकुळकुळीत. हातही मनगटापर्यंत काळे. हौदावर हातपाय-तोंड धुताना, वजू करताना, त्यांनी दाढी पुन्हा पुन्हा चोळली. पाणी स्वच्छ वाहून गेलं, दाढी होती तशीच राहिली.

शिंगणापूरच्या घरांना जशी दारं नाहीत, तशी कोल्हारच्या तोंडांना. खुतब्याचं प्रवचन संपायच्या आत बातमी बसस्टँडवर गेली की म्हातारा दुसरा निकाह लावतोय. तिथून लोणीच्या फाट्यापर्यंत जाता जाता तिला नवरीचं गाव, नवरीचं वय आणि दोन दुभत्या म्हशी चिकटल्या. नगर-मनमाड रस्त्यावरचे खड्डे वाटेत नसते, तर ती संध्याकाळपर्यंत मनमाडला गाडी बदलून मुंबईला गेली असती.

खरी गोष्ट एवढीच होती की म्हातारा सकाळी घेवडा फवारत होता.

विहिरीच्या अंगाला त्यांच्या बायकोचा, बिबीजानचा, घेवड्याचा वाफा होता. काळ्या ठिपक्यांचा, आखूड शेंगेचा गावरान घेवडा. बिबीजान जामखेडकडून लग्न होऊन आली तेव्हा ओढणीच्या टोकाला गाठ मारून त्याचं मूठभर बी घेऊन आली होती, आणि तिच्या आईनंही ते तसंच आणलं होतं. लेक असो की नात, घरातून निघाली की ओढणीच्या टोकाला घेवडा. लेकीला, नाझनीनलाही दिला होता. पण ती पडली नगरच्या सावेडीत, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. तिनं ते बी डब्यात जपून ठेवलं आणि तिच्या नवऱ्यानं, हारिसनं, पहिल्याच महिन्यात त्याचा रस्सा करून खाल्ला. वर फोन करून सांगितलं, अम्मी, मटणाच्या तोंडात मारील असा होता.

यंदा पावसाळ्यात मडक्यातल्या बियाला भुंगा लागला. निवडून निवडून जे चांगलं निघालं, ते सगळं बिबीजाननं थंडीच्या तोंडावर मातीत घातलं. घरात एक दाणा उरला नव्हता. ईद झाली की मुलाच्या, इम्रानच्या लेकीचा, अर्शीचा निकाह होता, आणि तिच्या ओढणीत बांधायचं बी त्या वाफ्यातून यायचं होतं. तिथूनच, दुसरीकडून नाही.

आणि तो वाफा पिवळा पडला. फुलावर यायच्या वेळेला शेंड्याची पानं लिंबागत पिवळी.

"केवडा हाय," इम्रान म्हणाला होता. "अम्मी, ह्यो रोग हाय. पांढरी माशी ह्या झाडाचा रस पिऊन त्या झाडावर बसती, अन् रोग घेऊन जाती. बांधापलीकडं माझी फरसबी उभी हाय. तिला लागला तर सगळं रान जाईल. जुम्मा झाला की उपटून जाळतो."

बिबीजान काही बोलली नव्हती. ती बोलत नाही म्हणजे काय, ते रज्जाकभाईंइतकं कोणालाच कळत नव्हतं. ती पहाटे उठून वाफ्यात जाऊन बसायची, ओढणीनं पानं पुसायची. त्यांनी झोपेचं सोंग घेऊन खिडकीतून पाहिलं होतं.

म्हणून ते गुपचूप मच्छिंद्राच्या कृषी सेवा केंद्रावर गेले. मच्छिंद्र म्हणाला, "चाचा, झाड बघितल्याबगर मी छातीठोक सांगनार न्हाई. पन कवळी पानं पिवळी अन् शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडलं आसंल. हिराकस न्या, पान्यात इरघळवा, वर निंबू पिळा, अन् उन्हाच्या आत पानांवर फवारा."

हिराकस! हा शब्द कानावर पडला आणि म्हाताऱ्याच्या अंगात सात पिढ्या उठून बसल्या. रंगरेजांना हिराकस शिकवतोय हा? रज्जाकभाईंच्या पणजोबांची रंगाची कुंडं प्रवरेच्या काठावर होती. ते एकदा इतका गर्द निळा रंग काढायला बसले की नेवाशापर्यंत मासे निळे निघाले, आणि कोळणींनी ते निळे मासे दीडपट भावानं विकले. काळा रंग तर त्यांच्यासारखा कोणी करू नये. हिराकस एकटं कापडावर ठरत नाही. त्याला हिरड्याचा काढा लागतो, तो त्याला धरून ठेवतो. मच्छिंद्राला हे कुठून ठाऊक असणार? रज्जाकभाईंनी निंबू घरी नेलं, बिबीजानच्या वरणात पिळायला ठेवून दिलं आणि पंपात हिरडा ओतला.

दिवस उगवायच्या सुमाराला त्यांनी पंप पाठीवर घेतला. पहिल्या फवाऱ्यात काही दिसलं नाही. वारा फिरला, तुषार दाढीवर आले, त्यांनी हातानं पुसले. मग ऊन आलं. उन्हात त्यांनी पाहिलं की वाफा काळा पडत चाललाय, आणि आपणही.

*

नाझनीन सकाळच्या गाडीनं सावेडीहून आली होती. अब्बा मशिदीतून परतले तेव्हा ती ओसरीवर होती. तिनं त्यांना पाहिलं, हातातली पिशवी खाली ठेवली, स्वतःही खाली बसली आणि हसू आवरेना म्हणून ओढणी तोंडात कोंबली.

"हास," रज्जाकभाई म्हणाले. "बापावर हासल्यानं पुन्य लागतं."

चुलीकडून बिबीजान बाहेर आली. हातात पळी. तिनं दाढीकडं पाहिलं, मग हातांकडं, मग पुन्हा दाढीकडं.

"हिरडा घातला व्हय?"

"थोडासा."

"किती थोडासा?"

"पंपाचं तोंड भरंस्तोवर."

तिनं पळी दुसऱ्या हातात घेतली. रंगरेजांच्या घरात उभा जन्म गेलेला. तिला पुढचं विचारावं लागलं नाही. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण तो हसायला हलला की रडायला, हे रज्जाकभाईंना कळायच्या आत फाटकातून इम्रानचा आवाज आला.

"अब्बा! वाफ्यावर डांबर कुनी वतलं?"

इम्रानची बायको पुणतांब्याला बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती, नाहीतर तिनं त्याला दारातच पाण्याचा तांब्या देऊन थंड केलं असतं. आता तो तापलेलाच आत आला, बापाला पाहिलं आणि तापायचं विसरला.

"तुमी?"

"मी."

"मला कुनी सांगायचं न्हाई का?"

"तुला सांगितलं असतं तर तू उपटलं असतं."

"आता काय न उपटता ठेवू? पानावर रोग हाय का काय हाय, ते तरी दिसत हुतं. आता नुसतं काळं! सगळी झाडं हिजाब घालून उभी हायेत."

यावर आतून कोणीतरी खुदकन हसलं. ती अर्शी होती. दाराआडून बाहेर आली ती डोळे पुसतच. हसणं आणि रडणं, दोन्ही एकदम चाललं होतं.

जेवण झाकून ठेवलं आणि सगळे मळ्यात निघाले. पुढं इम्रान, मागं नाझनीन, तिच्या मागं अर्शीचा हात धरून बिबीजान आणि सगळ्यात शेवटी, मुद्दाम सावकाश, रज्जाकभाई.

वाफा खरंच पाहण्यासारखा झाला होता. पिवळ्या पानांवर काळे ओघळ, काळे ठिपके. विहिरीकडची शेवटची ओळ तेवढी सुटली होती, कारण तिथं पोचायच्या आत म्हाताऱ्याला आपले हात दिसले होते. ती ओळ नुसती पिवळी होती. बांधापलीकडं इम्रानची फरसबी हिरवीगार, फुलांनी लगडलेली, वाऱ्यावर हलत होती.

मग बिबीजान म्हणाली, "इम्रान, उपट."

"अम्मी..."

"उपट म्हनते ना. तुझं रान जाऊ नये. बी काय, माती काय... अर्शीला मी दुसरं काही बांधून देईन. बदाम बांधीन."

"मला बदाम नकोत," अर्शी म्हणाली. साखरपुड्याला हीच पोरगी म्हणाली होती की दादी, श्रीरामपुरात बियाची पाकिटं मिळतात, ओढणीत काय गाठी मारतेस. आता ती सुटलेल्या ओळीत उकिडवी बसली. "उपटायचं तर मला आधी उपटा."

"ऊठ. येडेपना करू नको."

"न्हाई उठनार."

इम्राननं वाकून ओळीतलं पहिलं झाड बुडाशी धरलं. रज्जाकभाईंनी त्याच्या हाताकडं पाहिलं. उजव्या अंगठ्यावर आडवा व्रण. लहानपणी बापाची नक्कल करत उसाचं कांडं सोलायला गेला, तेव्हा कोयत्यानं दिलेला. तो अंगठा झाडावर घट्ट होता आणि झाड जागचं हलत नव्हतं. घेवड्याच्या मुळात एवढी ताकद नसते. दहा वर्षांच्या पोरालाही तो उपटता येतो.

इम्रान झाडाला धरून तसाच वाकून राहिला.

नाझनीन नेहमी भावाच्या बाजूनं. जमिनीची वाटणी असो की मोटारीचं बिल, अब्बांविरुद्ध भाऊ म्हणेल तीच पूर्व. पण आता तिनं पिशवीतून मोबाईल काढला. "भाई, थांब. त्या रस्स्याचा हिशोब आज हारिसकडून चुकता करून घेते."

हारिस माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. रेंज विहिरीच्या कठड्यावर चढल्याशिवाय मिळेना. नाझनीन कठड्यावर, तिची ओढणी वाऱ्यावर, आणि मोबाईलमध्ये हारिसचं अर्धं कपाळ.

"भाईजान, कोवळी पानं पिवळी आहेत की खालची?" कपाळानं विचारलं.

"कवळी," इम्रान म्हणाला.

"शिरा?"

"हिरव्या. ह्या एका ओळीत दिसत्यात. बाकीच्यांत शिरा हुडकायला कंदील लागंल."

"का?"

"अब्बांनी झाडं रंगवली," नाझनीन म्हणाली. "हिराकसात हिरडा घालून."

मोबाईलमध्ये कपाळ खाली गेलं, एक डोळा आला. "अब्बाजी! तुम्ही घेवड्यावर शाई फवारली!"

"शाई न्हाई!" रज्जाकभाई पहिल्यांदाच ताठ झाले. "पक्का काळा रंग हाय. धुतला तरी जात न्हाई. मशिदीत इचार कुनालाबी."

हारिस हसला, पण लगेच सावरून बोलायला लागला. तुमच्या त्या कोपऱ्यात चुनखडी आहे, तो म्हणाला. लोह मातीत असतं, पण मुळांच्या हाती लागत नाही. ते पानालाच पाजावं लागतं, निंबाच्या आंबटासोबत. हिरड्यानं ते जागच्या जागी बांधून टाकलं, पानाच्या पोटात गेलंच नाही. मात्र इथून बघून मी केवडा नाहीच असं सांगणार नाही. बांधापलीकडं भाईजानचं रान आहे. "असं करा. स्वच्छ भांड्यात थोडं हिराकस, निंबू, पाणी. काडीला कापूस लावून एखाद्या पिवळ्या पानावर नुसत्या रेघा ओढा. रेघा हिरव्या उमटल्या तर लोहच कमी आहे. नाही उमटल्या, तर भाईजान, उपटा. मी स्वतः येऊन मदत करतो."

"किती दिस थांबायचं?"

"पुढच्या जुम्म्यापर्यंत."

सगळ्यांनी इम्रानकडं पाहिलं. त्यानं फरसबीकडं पाहिलं. आठवडाभर माशी उडत राहणार, आणि त्यात खरंच केवडा निघाला तर? रज्जाकभाईंच्या मनात आलं की पोरगा 'न्हाई' म्हणाला तर त्याचं चूक नाही.

"बांधावर पिवळे चिकट कागद लावतो," इम्रान शेवटी म्हणाला. "माशी त्यावर बसंल. मच्छिंद्राकडून आनतो." आणि पंप उचलून, कोणाकडं न बघता निघून गेला.

मग घरून निंबू आलं. तेच, वरणासाठी ठेवलेलं. बिबीजाननं काड्यापेटीतली काडी घेतली, कापूस गुंडाळला. अर्शी म्हणाली, "नुसत्या रेघा काय, दादी. मेंदीच काढू." तिनं एका पानावर कैरी काढली, वेल काढली. बिबीजानला तसलं नवीन काही येत नव्हतं. तिच्या वेळी तळहाताच्या मध्ये एक चांद आणि भोवती ठिपके, एवढीच मेंदी असायची. तिनं चांद काढला. पान वाऱ्यानं हलत होतं, म्हणून रज्जाकभाईंनी पान खालून धरलं.

"तुमचे काळे हात लावू नका," ती म्हणाली.

त्यांनी हात काढला नाही, आणि ती चांदाभोवती ठिपके देत राहिली.

*

त्या आठवड्यात रज्जाकभाईंनी घराबाहेर पाय टाकला की कोणीतरी विचारी, "चाचा, निकाह कवा?" त्यांनी पहिल्या दिवशी खुलासा केला. दुसऱ्या दिवशी कंटाळून 'लवकरच' म्हणाले. तिसऱ्या दिवशी नवरी वैजापूरची आहे, तिला पाच भाषा येतात आणि ती घोड्यावर बसते, हे त्यांनीच जोडून दिलं. लोकांनी एवढी मेहनत घेतली होती, तर आपलाही हातभार.

घरी आल्यावर मात्र त्यांची थट्टा दारातच राही. वाफ्यात जाऊन पान बघत. पान पिवळं ते पिवळं. एकदा दुपारी ते अंगणातल्या बाजेवर पडले होते, तर बिबीजान वाटी घेऊन आली.

"बसा नीट. तोंड वर करा."

"काय हाय?"

"मेंदी. काळं तर निघत न्हाई, पांढऱ्यावर लाल तरी चढवू. असं अर्धंच रंगलेलं मानूस घेऊन मी पोरीच्या निकाहात हिंडनार न्हाई."

ती पांढऱ्या बाजूला मेंदी लावू लागली. बोटं गार होती. कितीतरी वर्षांनी ती एवढी जवळ बसली होती. दोघांच्या मधे नेहमी चूल, पोरं, म्हैस, काहीतरी असायचंच.

"तुमी कशाला केलं ते?" तिनं विचारलं.

"पहाटं तू पानं पुसती. बघवलं न्हाई."

तिची बोटं थांबली. "म्हंजी झोपेचं सोंग करता व्हय? रोज?"

"पूर्वीपास्नं."

"अल्ला!" ती म्हणाली, आणि उरलेली मेंदी थेट त्यांच्या नाकाला लावली.

*

पुढच्या शुक्रवारी कोणी कोणाला बोलावलं नाही, तरी सकाळी सगळे वाफ्यावर हजर. नाझनीन आदल्या दिवशीच येऊन राहिली होती. आदल्या संध्याकाळी काही दिसलं नव्हतं, किंवा अंधारात कोणी नीट बघायला धजलं नव्हतं.

अर्शी पुढं धावली, वाकली आणि तशीच राहिली.

"दादी," ती हळू म्हणाली. "रंगली."

पिवळ्या पानावर हिरवी कैरी. वेल, वेलीला पानं, अर्शीनं घाईत जिथं काडी घसरवली होती तिथं घसरलेली रेघसुद्धा. शेजारच्या पानावर हिरवा चांद, जरा वाकडा, आणि भोवती ठिपके. बिबीजाननं बोट पुढं केलं, पण शिवली नाही. ओल्या मेंदीला शिवू नये तसं.

रज्जाकभाईंना दोन पावलं मागं जाऊन विहिरीत डोकवायचं खूप महत्त्वाचं काम आठवलं. तिथून त्यांना ओळीचं टोक दिसलं. टोकाला एक झाड होतं, त्यावर एक पान. त्या पानावर ना वेल होती ना चांद. नुसता एक हिरवा, रुंद ठसा. अंगठ्याचा. आणि ठशाच्या मधून एक पिवळी रेघ आडवी गेली होती, जिथं कातडीला खाच होती आणि पाणी लागलं नव्हतं.

त्यांनी बिबीजानला खुणेनं बोलावलं. तिनं पाहिलं. नाझनीननं पाहिलं आणि ओठ चावला. अर्शी म्हणाली, "हे कोनी...?" आणि बोलता बोलता थांबली.

इम्रान बांधावर चिकट कागद तपासत होता. कधी नव्हे इतकं मन लावून.

"इम्रान," रज्जाकभाईंनी हाक मारली.

"आलो. कागदावर माशी फार न्हाई. फरसबीला काई झालेलं न्हाई." तो येऊन उभा राहिला, सगळे कुठं बघतायत ते पाहिलं आणि उजवी मूठ मिटली. अंगठा आत.

"रोज पहाटं मोटार चालू करायला येतो मी," तो म्हणाला. "एक दिस हात भिजलेला हुता."

"निंबाच्या पान्यात?" नाझनीन म्हणाली.

"तू गप बस. तुझं बी हाय कुठं, सांग आधी?"

बिबीजाननं ओढणीचं टोक दातात धरून फाडलं. बियासाठी राखायच्या झाडाला चिंधी बांधायची तिची रीत होती, म्हणजे त्याच्या शेंगा कोणी भाजीला तोडत नाही. चिंधी तिनं इम्रानच्या हातात दिली. तो कैरीच्या झाडाकडं वळला, तर तिनं त्याला कोपराला धरून टोकाच्या झाडापुढं नेलं.

"हे पहिलं," ती म्हणाली. "अर्शीच्या गाठीत ह्याचंच बी."

इम्राननं वाकून चिंधी बांधली. गाठ बसायला त्याला जरा वेळ लागला. त्याचं तोंड खाली होतं आणि बाप विहिरीत बघत होता, त्यामुळं दोघांची सोय झाली.

मग तो उठला, पंप घेतला, विहिरीच्या पाण्यानं खळखळून धुतला, ओतला, पुन्हा धुतला. नाक लावून वास घेतला. हिराकस विरघळवलं. अर्शी निंबं कापत होती, नाझनीन पिळत होती, कठड्यावरच्या मोबाईलमधून हारिस सांगत होता की पुढच्या फवारणीला जस्त आणि चिमूटभर बोरॉनही घ्या, फुलं टिकतील. आणि त्याचं कोणी ऐकत नव्हतं म्हणून तो तेच परत सांगत होता.

"अब्बा," इम्रान पट्टे खांद्यावर चढवत म्हणाला, "हिरडा कुठं हाय?"

"तुझ्या अम्मीनं कुलपात घातला."

"चावी?"

"तिच्या कमरंला."

"असू द्या तिथंच." त्यानं दांडा हलवला. पहिला तुषार काळ्या पानांमधून फुटलेल्या कोवळ्या शेंड्यांवर पडला. "तुमी जरा बाजूला व्हा. वारा तुमच्याकडं हाय."

रज्जाकभाई बाजूला झाले. त्यांची दाढी आता एका अंगानं काळी आणि एका अंगानं लालभडक होती. दुपारी मशिदीत मच्छिंद्राच्या दुकानाशेजारचा पानवाला त्यांच्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "चाचा, ती वैजापूरवाली?"

"मोडलं ते," रज्जाकभाई म्हणाले. "आमच्या घरात जी यायची, ती कवाच जामखेडहून आलीया."